दिवाणजी, वही आणि किल्ली



ज्युबिलीच्या व्याख्यानास एखादे थोर चरित्र किंवा समाजस्थिती असा भारदस्त विषय असावा, ही आपली अपेक्षा रास्तच आहे. चालकांनी आम्हांस संगणकावर बोलण्यास सांगितले, तेव्हा आम्ही विचारले की, त्याच्या कोणत्या अंगाविषयी बोलावे? कार्यालयातून उत्तर आले, "सर, हे यंत्र आमचा अंत का पाहते, तेवढे सांगा म्हणजे झाले." तेव्हा आम्ही आज तेवढेच सांगणार आहोत.

संगणक हा स्वतः नुसता सांगाडा. त्याला कामास लावणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम असते, ती जुन्या पेढीवरच्या दिवाणजीसारखी समजावी. कोणता कागद कोणत्या कपाटात, छपाईयंत्रावर पाळी कोणाची, बाहेरून आलेल्यास ओसरीवर बसवायचे की थेट माजघरात सोडायचे, हे सारे तोच पाहतो. मालकाची गाठ दिवाणजीशी. तिजोरीशी त्याची थेट गाठ क्वचितच पडते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा दिवाणजी मायक्रोसॉफ्ट कंपनीचा विंडोज असतो, आणि कंपनी त्यास ठराविक वर्षांनी निवृत्त करते. २००१ साली आलेल्या एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. शेवटच्यास, नोंदणी करणाऱ्यांपुरती, आणखी काही काळ सुरक्षेची डागडुजी देऊ केली गेली, इतकेच.

निवृत्त झालेला दिवाणजी गादीवरून उठत नाही, ही यातली खरी मेख आहे. यंत्र पूर्वीसारखेच उघडते, पत्र छापते, हिशेब करते. फरक एवढाच की त्यानंतर भिंतीला जे भगदाड सापडेल ते बुजवायला कोणी येत नाही. नवा विंडोज ११ घ्यावा म्हटले तर त्यास टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. म्हणून धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रे एका रात्रीत म्हातारी ठरली. त्या सोयीमागचे कारण खोटे नाही. पण गरीब शाळांनी देणग्या मागून उभे केलेले संगणक अशा रीतीने बाद व्हावेत हे आम्हांस अन्यायाचे वाटते, आणि ते येथे बोलून दाखविण्यास हरकत नसावी.

आता रोजच्या जाचाकडे वळू. अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असतो, दारात पालक उभे असतात, आणि नेमके तेव्हाच पडद्यावर येते की अपडेट चालू आहे, यंत्र बंद करू नका. आकडा तीस टक्क्यांवर येऊन थबकतो. मग कोणी तरी वैतागून बटणच दाबून टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र उघडतच नाही. अशा वेळी दुकानदार येतो, परवान्याशिवायची प्रत घालून देतो आणि जाताना मोठ्या अभिमानाने सांगतो, "अपडेट कायमचे बंद करून टाकले आहेत, आता त्रास नाही." त्रास खरोखरच नसतो. रात्रीच्या राखणदारास घरी पाठविले म्हणजे त्याच्या काठीचा आवाजही बंद होतो.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा किडा जगभर पसरला. त्याने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील कागद कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती कंपनीने १४ मार्च रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, दिलेली होती. ज्यांनी ती घेतली ते बचावले.

गोष्ट एवढीच असती तर आम्ही 'अपडेट घ्या' म्हणून खाली बसलो असतो. पण त्याच वर्षी २७ जून रोजी 'नॉटपेट्या' आला, आणि तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या अपडेटमधूनच आला. म्हणजे राखणदाराच्याच वेषात चोर! मर्स्क ही जगातील मोठी जहाज कंपनी. तिचे कामकाज जागोजागी ठप्प झाले, आणि आपल्या मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनललाही त्याचा फटका बसला. कंपनीला हजारो यंत्रे नव्याने उभारावी लागली. तिच्या जाळ्याचा सारा नकाशा ज्या मुख्य यंत्रांत होता ती जगभर पुसली गेली होती. एक तेवढी प्रत घानामधील कार्यालयात शाबूत सापडली, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती. विजेच्या खेळखंडोब्याला आपण नेहमी नावे ठेवतो, पण त्या दिवशी अंधाराने एका कंपनीची अब्रू राखली. यातून आम्ही एवढेच घेतो की अपडेट घ्यावेतच, पण ज्या तारेतून संकट येते त्या तारेला न जोडलेली एक प्रत कोठे तरी असली पाहिजे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली आणि आपल्याकडच्या विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले पास मिळाले, ते आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल.

"आमच्यासारख्या लहान संस्थेकडे कोण पाहतो?" असे काही सभासद म्हणतात. किडा पाहत नसतो. तो प्रत्येक दार ढकलून बघतो. आणि लहान ठिकाणी तो बहुधा झेरॉक्सच्या दुकानातून येतो. तेथे लावून आणलेला पेनड्राइव्ह घरी उघडला की फोल्डरांच्या जागी बाणाची खूण असलेली चित्रे दिसतात. लग्नाचे फोटो गेले म्हणून घरातली माणसे हळहळतात आणि सारे पुसून घेतात. भगिनींनो, बहुतेक वेळा फोटो गेलेले नसतात, केवळ लपविलेले असतात. त्या बाणाच्या चित्रावर टिचकी मारू नये आणि पेनड्राइव्ह पुसूही नये, आधी जाणत्याला दाखवावा. तसेच, "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, आम्ही येथूनच काढून देतो" असा फोन आला तर तो खाली ठेवावा. कोणतीही कंपनी अशी आपण होऊन फोन करीत नाही.

आपल्या सीमाभागातील आणखी एक दुखणे आहे. संस्थेच्या जुन्या याद्या त्या काळच्या फॉन्टांत टंकलेल्या आहेत. यंत्र बदलले की त्या उघडतात खऱ्या, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. याचे कारण त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांनाच देवनागरीचे मुखवटे चढविले होते; मुखवटा नसला की आतले रूप दिसते. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडमध्ये लिहिण्याची सोय झाली. आज एकाच पानावर नाव मराठीत, गाव कन्नडमध्ये आणि शाळेचे नाव उर्दूत, उजवीकडून डावीकडे, असे बिनतक्रार लिहिता येते. आमच्या शाळेच्या पटावर तर याची रोज गरज पडते. जुन्या याद्या रूपांतरित करून मिळतात, मात्र 'कऱ्हाड' आणि 'गोऱ्हे' यांतला र नीट उतरला की नाही हे माणसानेच तपासावे लागते.

आता मुख्य गोष्ट. संस्थेची शिष्यवृत्तीची वही आज कार्यालयातील यंत्रात आहे, आणि ते यंत्र निवृत्त दिवाणजीच्या हाती आहे. त्या वहीत मुलांचे आधार क्रमांक आणि आयांच्या बँकेची खाती आहेत. कोणाचे वडील वारले, कोणाच्या घरी उत्पन्न किती, कोण कोणत्या आजाराने शाळा चुकवितो, हेही आहे. अर्ज देताना त्या मायमाऊलीने हे आपल्या विश्वासावर सांगितले. शेजारणीला ती सांगणार नाही. २०२३ साली संसदेने अशा माहितीच्या रक्षणाचा कायदा केला आहे, पण कायदा नसता तरी ही अमानतच होती. त्याच यंत्रावर संध्याकाळी मुले येऊन खेळ उतरवितात आणि पासवर्ड मात्र पडद्याच्या कडेला चिकटविलेला आहे, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

विश्वस्तांपुढे आम्ही असे ठेवतो की वहीसाठी एक नवे यंत्र घ्यावे आणि त्यावर दुसरे काहीही करू नये. जुने यंत्र फेकू नये, त्यावर लिनक्स घालून ते वाचनालयात मुलांना द्यावे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ज्याचा पाया घातला तो हा दिवाणजी पगार घेत नाही. केरळच्या सरकारी शाळांत तो वर्षानुवर्षे काम करीत आला आहे, आणि आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाने त्याचे एक रूप काढले. हिशेबाची टॅली त्यावर सरळ चालत नाही, म्हणून हिशेबनिसांनी तक्रार करण्यापूर्वीच आम्ही सांगून टाकतो की त्यांचे काम नव्या यंत्रावरच राहील. वहीची एक प्रत दर पंधरवड्यास वेगळ्या डिस्कवर घ्यावी, आणि ती डिस्क यंत्रापासून सोडवून ट्रस्टच्या मूळ दस्तऐवजाच्या कपाटात ठेवावी.

जुन्या याद्यांचे रूपांतर आणि लिनक्स घालणे ही दोन कामे आम्ही शाळेतील तिघे शिक्षक रविवारी दुपारी येऊन करू. त्याचे काही देणे नको. कार्यालयाची किल्ली शनिवारी संध्याकाळी शाळेच्या शिपायाकडे पोचती करावी, एवढीच विनंती आहे.