सिम्प्सनांचे घर : चौथे पर्व



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून व्यंगचित्रांच्या एका मालिकेविषयी बोलावयाचे म्हटले की काही श्रोत्यांच्या भुवया उंचावणार, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. कार्टून ही मुलांची वस्तू. मुलांनी ती पाहावी आणि तेवढ्या वेळात वडील मंडळींनी निवांत वर्तमानपत्र चाळावे, अशी आपली सर्वसाधारण समजूत. ज्या घरांत ही समजूत नाही तेथे उलट तक्रार आहे. ज्या मालिकेत मुलगा बापाला नावाने हाक मारतो, बाप मुलाचा गळा धरतो आणि पाहणारे सारे त्यावर हसतात, ती मालिका मुलांच्या दृष्टीस पडूच का द्यावी? हा प्रश्न आम्हांला टाळावयाचा नाही. किंबहुना त्याच्याचसाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम थोडी माहिती. मॅट ग्रेनिंग या अमेरिकन व्यंगचित्रकारांनी १९८७ साली ट्रेसी उलमन यांच्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमात मध्ये मध्ये दाखविण्यासाठी काही छोटी चलच्चित्रे केली. पात्रांना त्यांनी आपल्या घरातलीच नावे दिली. वडिलांचे होमर, आईचे मार्गारेट म्हणून मार्ज, आणि बहिणींची लिसा व मॅगी. स्वतःचे नाव मात्र हुशारीने वगळले! मुलाचे बार्ट हे नाव ‘कार्टे’ या अर्थाच्या ‘ब्रॅट’ या इंग्रजी शब्दाची अक्षरे उलटसुलट करून बनविलेले आहे. १७ डिसेंबर १९८९ रोजी यातूनच ‘द सिम्प्सन्स’ ही अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका सुरू झाली, आणि २०२५ च्या सप्टेंबरात तिचे ३७ वे पर्व लागले. इतका काळ लोटला, तरी बार्ट १० वर्षांचाच आहे, लिसा ८ वर्षांची, आणि मॅगीच्या तोंडातली चोखणी अजून सुटलेली नाही.

एवढ्या पसाऱ्यातून आम्ही आज एकच पर्व घेणार आहोत, चौथे. २४ सप्टेंबर १९९२ ते १३ मे १९९३ या काळात दाखविलेले त्याचे २२ भाग आहेत. त्याची सूत्रे अल जीन आणि माइक रीस या दोघांच्या हाती होती.

या पर्वाच्या आधी काही महिने एक मौजेचा प्रकार घडला. १९९२ च्या जानेवारीत अमेरिकेचे त्या वेळचे अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) एका सभेत म्हणाले की, अमेरिकन कुटुंबे वॉल्टनांसारखी अधिक आणि सिम्प्सनांसारखी कमी व्हावयास हवीत. हे वॉल्टन म्हणजे तेथल्याच एका जुन्या मालिकेतले, १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत डोंगराळ मुलुखात राहणारे, सुशील आणि एकोप्याचे कुटुंब. सिम्प्सनकारांनी तीनच दिवसांत उत्तर दिले. अध्यक्षांचे भाषण सिम्प्सन मंडळी घरात बसून ऐकतात असे दाखवून त्यांनी बार्टच्या तोंडी वाक्य घातले की, आम्हीही वॉल्टनांसारखेच आहोत, मंदी संपावी म्हणून आम्हीसुद्धा प्रार्थना करीत आहोत. त्या वर्षी अमेरिकेत बेकारी खरोखरच वाढली होती. नोव्हेंबरात बुशसाहेब निवडणूक हरले. त्याचा या मालिकेशी संबंध जोडण्याइतके आम्ही भाबडे नाही.

पण बार्टच्या त्या वाक्यात चौथ्या पर्वाची किल्ली आहे असे आम्हांला वाटते. हा होमर आळशी आहे, खादाड आहे, बीअरबाज आहे. गावातल्या अणुवीजकेंद्रात तो सुरक्षा-निरीक्षक आहे आणि स्वतःच्या खुर्चीत झोपलेला असतो. त्याच्यावर हसू येते, यावे म्हणूनच तो काढला आहे. परंतु या पर्वातले भाग एकामागून एक पाहिले की ध्यानात येते ते असे : या घराला भीती वाटते ती बापाच्या वेंधळेपणाची नव्हे, तर खर्चाची. एका भागात घराचा पाया खचतो. घर अक्षरशः एका बाजूला कलते, दुरुस्तीला पैसे नाहीत, म्हणून मार्ज नवऱ्याच्याच कारखान्यात नोकरी धरते. तेथला वृद्ध मालक बर्न्स तिच्यावर लुब्ध होतो आणि ती दाद देत नाही म्हणून तिला काढून टाकतो. सभ्य गृहस्थांच्या मालिकांत असली गोष्ट त्या काळी फारशी उघड बोलली जात नसे. येथे ती हसत हसत बोलली गेली.

आता ज्या भागासाठी आम्ही या पर्वाला सर्वांत अधिक मान देतो, तो सांगतो. तो ११ मार्च १९९३ चा. लिसाचे दात वाकडे आहेत, त्यांना तार बसवावी लागणार. त्याच सुमारास बर्न्ससाहेब कामगारांशी झालेल्या करारातून दातांच्या उपचाराची सवलत काढून टाकतात, आणि मोबदल्यात देऊ करतात काय, तर बीअरचे एक पिंप. युनियनच्या सभेत सारे कामगार आनंदाने पिंपापुढे रांग लावतात. होमरही रांगेत उभा राहतो. मग त्याच्या डोक्यात दोन वाक्ये आळीपाळीने घुमू लागतात. एक दातांच्या सवलतीचे, दुसरे मार्जचे, की लिसाला तार लागणार आहे. दोन्ही वाक्ये कितीतरी वेळा येतात आणि जातात, पण त्यांची बेरीज काही होत नाही. आपण प्रेक्षक जागच्या जागी तडफडतो. अखेर ती बेरीज होते, होमर ओरडून उठतो, सभा फिरते, आणि त्याच बैठकीत तो युनियनचा अध्यक्ष होतो. त्या युनियनचे नावही ऐकण्यासारखे आहे : जॅझ नर्तक, पेस्ट्री करणारे आणि अणुतंत्रज्ञ यांचा आंतरराष्ट्रीय बंधुसंघ!

पुढे संप होतो. बर्न्स त्याला वाटाघाटीसाठी घरी बोलावतात. होमरला बोलण्यातले आडपडदे कळत नाहीत. पण त्याचे न कळणे मालकाला मुत्सद्दीपणा वाटते. अखेरचा उपाय म्हणून बर्न्स सगळ्या गावाची वीज तोडतात. अंधारात कारखान्याबाहेर संपकरी उभे आहेत आणि लिसा गिटारवर गाणे म्हणते. पैशाअभावी तिच्या तोंडात तोवर जुन्या धाटणीची, पाहवत नाही अशी लोखंडी तार बसलेली आहे. त्या तारेसकट ती गाते आणि सारे तिच्यामागून गातात. त्या वेळी आम्हांला हसू आले नाही, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. बर्न्स नमतात, फक्त होमरने अध्यक्षपद सोडावे एवढी अट घालतात. तो आनंदाने जमिनीवर लोळण घेतो, तेव्हा कुठे मालकाला शंका येते की हा गृहस्थ आपण समजलो तितका धोरणी नसावा.

श्रोतेहो, येथे बाप मूर्ख आहे यात वाद नाही. पण एका लेकीच्या दातांपायी तो जे करून बसतो, ते शहाण्यांना जमलेले नसते. तत्त्वासाठी तो लढत नाही, घरातल्या जमाखर्चासाठी लढतो. बहुतेक संपांची सुरुवात अशीच होत असावी, असे आम्हांला वाटते.

१७ डिसेंबर १९९२ च्या भागात याहून कठीण प्रसंग आहे. होमरला हृदयविकाराचा झटका येतो. बायपासचा खर्च ३० हजार डॉलर असे डॉक्टर सांगतात. तो ऐकून दुसरा झटका येतो. तेव्हा डॉक्टर म्हणतात, आता ४० हजार. आपल्याकडे ज्यांनी घरातल्या माणसाला मोठ्या दवाखान्यात नेले असेल, त्यांना हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही. शेवटी दूरचित्रवाणीवर जाहिरात करणाऱ्या निक नावाच्या वैदूछाप डॉक्टरकडे १२९ डॉलर ९५ सेंटांत काम उरकावयाचे ठरते. शस्त्रक्रियेआधी होमर मुलांना जवळ बोलावतो. शेवटचे काहीतरी बोलावे, पण सुचत नाही. तेव्हा लिसा त्याच्या कानात शब्द सांगते आणि तो ते जसेच्या तसे म्हणतो : तुम्हांला मोठे होताना पाहावयास मिळणार नाही याचे दुःख वाटते, कारण तुम्ही फार चांगली निघालात, आणि माझे तुमच्यावर नेहमीच प्रेम होते. मग बार्ट कानाशी लागतो, आणि होमर लिसाला गंभीरपणे सांगू लागतो की तू दत्तक आहेस आणि तू मला आवडत नाहीस! एका मिनिटात रडणे आणि हसणे असे शेजारी बसविणे सोपे नव्हे. मुलांच्या मनातून बाप उतरतो म्हणून ज्यांची तक्रार आहे, त्यांनी हा प्रसंग अवश्य पाहावा. बापाला जे बोलता येत नाही ते मुलीला ठाऊक आहे, आणि ती ते त्याच्याच तोंडून वदवून घेते. यात अनादर कोठे आहे?

मोनोरेलचा भाग सर्वांत गाजला. तो कॉनन ओब्रायन यांनी लिहिला. बर्न्सना ३० लाख डॉलर दंड होतो, ते पैसे कसे खर्चावे म्हणून गावसभा भरते. मार्ज म्हणते, रस्ता दुरुस्त करा. सारे तयार होतात; इतक्यात एक गोडबोल्या विक्रेता गाणे म्हणत उभा राहतो आणि गावाच्या गळ्यात मोनोरेल मारतो. फुटलेला रस्ता तसाच राहतो. मुंबईत २०१४ साली मोनोरेल धावू लागली. तिच्याविषयी मुंबईकर श्रोत्यांना आम्ही काही सांगावे अशी परिस्थिती नाही.

आता आपल्याला जवळचा असा एक मुद्दा. ८ ऑक्टोबर १९९२ च्या भागात होमर थंडीच्या एका रविवारी चर्चला जाण्याचे नाकारतो आणि स्वतःचाच धर्म काढतो. (या मालिकेत साऱ्या माणसांना चार बोटे असतात, स्वप्नात येणाऱ्या देवाला मात्र पाच!) घराला आग लागते. त्याला बाहेर ओढतो तो धर्मनिष्ठ शेजारी फ्लँडर्स, आणि आग विझविणाऱ्या स्वयंसेवकांत ज्यू क्रस्टी असतो तसा दुकानदार अपू हा भारतीयही असतो. पाद्रीबुवा या मित्रांच्या धर्मांची नावे घेताना ख्रिस्ती म्हणतात, ज्यू म्हणतात, आणि अपूजवळ येताच ‘किरकोळ’ म्हणून मोकळे होतात. अपू चिडून सांगतो की आम्ही हिंदू, आणि आम्ही ७० कोटी आहोत! हा टोला पाद्रीबुवांना आहे, अपूला नाही. आणि तो नेमका बसला आहे.

म्हणून अपूविषयी सगळे ठीक आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्याला आवाज देणारे हँक अझारिया भारतीय नव्हते, आणि तो ठसकेबाज उच्चार अमेरिकेत वाढलेल्या भारतीय मुलांना शाळेत चिडविण्यासाठी वापरला गेला. हरी कोंडाबोलू या विनोदकारांनी २०१७ साली यावर एक माहितीपट केला. २०२० मध्ये अझारियांनी हा आवाज देणे सोडले. गाजलेल्या पात्राचा आवाज सोडणे नटाला सोपे नसते. तरी जे झाले ते योग्य झाले, असे आमचे मत आहे. बर्न्सवर किंवा पाद्र्यावर हसताना मालिका वरच्या माणसाला टोचते; अपूच्या उच्चारावर हसताना तसे होत नव्हते.

कारागिरीविषयी दोन शब्द. त्या काळी हे सारे हातानेच काढले व रंगविले जाई. लेखन आणि आवाज अमेरिकेत, तर चित्रांची बरीचशी मेहनत दक्षिण कोरियातल्या चित्रशाळेत. होमरचा आवाज डॅन कॅस्टेलनेटा यांचा. बर्फ उपसण्याचा धंदा काढणाऱ्या होमरच्या भागासाठी त्यांना एमी पारितोषिक मिळाले. या पर्वाने माणसांच्या विनोदी मालिकांच्या पंक्तीत बसण्यासाठी अर्ज केला होता, पण तेथे त्याला नामांकनसुद्धा मिळाले नाही. आमच्या व्याख्यानाला उंचावणाऱ्या भुवया तेथेही होत्या तर! पर्व संपल्यावर लेखकांपैकी बरेच जण इतरत्र गेले. मालिका चालूच राहिली, पण पुढे पुढे होमर नुसताच आडदांड होत गेला आणि पैशाची चिंता पातळ झाली. हे निदान आमचे आहे. सर्वांना पटेलच असे नाही.

शेवटी ३ डिसेंबर १९९२ चा भाग. धाकटी मॅगी काही केल्या बोलत नाही. तिचा पहिला शब्द कोणता होईल म्हणून घरात जुन्या आठवणी निघतात. लिसाचा पहिला शब्द ‘बार्ट’ होता असे कळते. आणि ही दोन्ही मुले बापाला ‘बाबा’ म्हणावयास तयार नव्हती, ‘होमर’च म्हणत, हेही कळते. रात्री होमर मॅगीला पाळण्यात ठेवतो आणि तिला सांगतो की, मुले जितक्या लवकर बोलू लागतात तितक्या लवकर उलट बोलू लागतात; तू कधीच बोलू नकोस. दिवा मालवून, दार लावून तो निघून जातो. अंधारात मॅगी तोंडातली चोखणी काढते आणि एकच शब्द उच्चारते : ‘बाबा’. त्या एका शब्दासाठी एलिझाबेथ टेलर यांना बोलावले होते. होमर तोवर खोलीबाहेर गेलेला असतो. त्याला तो ऐकू येत नाही.