पाच दाणे आणि तीन पैसे
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



घरातील संस्कार एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसे उतरतात, हे कित्येकदा एखादी लहानशी कथाच उत्तम रीतीने सांगून जाते. आजच्या विवेचनासाठी अशा दोन कथा घेतल्या आहेत.

पहिली 'ज्ञाताधर्मकथा' या आगमातील. राजगृहाचा धन्य सार्थवाह आपल्या चार सुनांना साळीचे पाच-पाच दाणे सांभाळण्यास देतो. उज्झिता ते फेकून देते, भोगवती खाऊन टाकते, रक्षिता डबीत जपून ठेवते. रोहिणी मात्र ते पेरण्यासाठी माहेरी पाठविते. पाच वर्षांनी सासरे दाणे परत मागतात, तेव्हा रोहिणीचे धान्य आणण्यास गाड्या जोडाव्या लागतात. घराचा कारभार तिच्या हाती येतो. आगमकारांनी या पाच दाण्यांत पंचमहाव्रते पाहिली आहेत.

दुसरी कथा मुन्शी प्रेमचंद यांची 'ईदगाह', १९३३ सालची. पोरक्या हमीदजवळ जत्रेत अवघे तीन पैसे असतात. सोबती खेळणी व मिठाई घेतात. हमीद लोखंडी चिमटा घेतो, कारण तव्यावरची पोळी काढताना आजी अमीनाची बोटे भाजतात. त्यागाचा उपदेश अमीनाने त्याला कधी केलेला नाही. तिचे कष्ट तो रोज पाहत होता, एवढेच.

एक घर श्रीमंत सार्थवाहाचे, दुसरे दरिद्री आजीचे. एक जैन, दुसरे मुस्लिम. तरीही दोहोंतील बोध एकच आहे. संस्कार आचरणात पेरावे लागतात.

आज आपल्यापैकी बहुतेक जण रक्षितेसारखे वागतात. मुलांना पाठशाळेत घातले, सूत्रे मुखोद्गत झाली की कर्तव्य संपले, असे मानतात. परंतु सकाळी सत्यव्रताचा पाठ म्हणणाऱ्या मुलाला सायंकाळी 'बाबा घरी नाहीत, असे सांग' म्हणून वडीलच फोन घ्यावयास लावतात. त्या क्षणी तो दाणा उज्झितेच्या हातून फेकला जातो. मोठा झाल्यावर तोच मुलगा गिऱ्हाइकाशी खोटे बोलला, तर दोष कोणाचा?

संस्थेच्या पन्नास वर्षांत पूर्वजांनी पेरलेले पीक आजची पिढी घेत आहे. पुढील पिढीसाठी प्रत्येक घराने आपले पाच दाणे आजपासूनच पेरावेत, हीच नम्र प्रार्थना.

जय जिनेंद्र!