जमिनीच्या दाव्यात कोर्ट फी कशी मोजतात?

(पुणे येथे शेतकऱ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



पुण्याच्या आसपास जमिनीचे भाव कोठे गेले आहेत हे आपण जाणताच. वाघोली, हिंजवडीकडे एकराची बोली कोटींत होते. अशा वेळी वडिलोपार्जित जमिनीतला एखादा हिस्सेदार म्हणतो, "एवढ्या किमतीवर कोर्ट फी भरायची तर पैसा आणू कोठून?" आणि हक्काचा हिस्सा सोडून घरी बसतो. पुष्कळदा ही भीती समोरची बाजूच घालते. शेतजमिनीपुरती ती बहुतेक वेळा खोटी असते. म्हणून आज फीचा हिशेब समजून घेऊ.

आपल्या राज्यात ही फी १९५९ च्या न्यायालय फी कायद्याप्रमाणे आकारतात. पूर्वी तो मुंबईच्या नावाने होता, आता महाराष्ट्राच्या नावाने आहे. त्याच्या कलम ६ मध्ये दाव्याचे मूल्य कसे धरायचे ते सांगितले आहे. मूळ सूत्र एकच : फी मालमत्तेवर नसते, तुम्ही कोर्टाकडे काय मागता त्यावर असते.

जमिनीचा ताबा मागितला तर मूल्य बाजारभावाने धरत नाहीत. सातबाऱ्यावर 'आकार' म्हणून जी रक्कम असते, तिच्या ठराविक पटीत ते धरतात. ही पट जमिनीची आकारणी किती मुदतीची आहे यावर ठरते. घर किंवा बाग असेल तर मात्र बाजारभाव धरतात. म्हणून दाव्यात जमिनीबरोबर वाडाही असेल तर दोन्हींचे मूल्य वेगवेगळे काढावे. फळबाग किंवा बिगरशेती झालेली जमीन असल्यास वकिलांना आधीच विचारावे.

वाटपाच्या दाव्यात तुमच्या हिश्शाचे मूल्य धरतात. समजा, तीन हिस्सेदारांच्या जमिनीचा आकार १२ रुपये आहे. तुमच्या तिसऱ्या हिश्शाला ४ रुपये येतात. या चार रुपयांच्या पटीत जी रक्कम निघेल, तिच्यावर कोष्टकाप्रमाणे फी. हिस्सा बाजारात कोटीचा असला तरी हिशेब हाच.

जमीन आपल्या मालकीची आहे एवढेच जाहीर करून हवे असेल, तर ताब्याच्या दाव्याला लागणाऱ्या फीच्या एक चतुर्थांश फी लागते. खरेदीखत किंवा विक्रीचा करार रद्दबातल आहे असे ठरवून मागायचे असेल, तर मालमत्तेच्या मूल्यावरील फीच्या निम्मी. साठेखताप्रमाणे खरेदीखत करून मागितले, तर करारातली ठरलेली किंमत हेच मूल्य. येथे आकार कामाचा नाही. या दाव्यात फी मोठी होते. २०१८ साली दर वाढले आणि फीची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाखांवर गेली, हेही ध्यानात असू द्यावे.

फी वाचावी म्हणून मागणी अर्धवट लिहू नये. ताबा दुसऱ्याकडे असताना फक्त मालकी जाहीर करून मागितली, तर फी वाचेल, पण जमीन हाती येणार नाही आणि दावाही टिकणार नाही. तसेच मूल्य मुद्दाम कमी दाखवू नये. प्रतिवादी हरकत घेतो व कोर्ट चौकशी करते. फी कमी निघाली तर ती भरण्यास मुदत मिळते. त्या मुदतीत भरली नाही तर वादपत्र नामंजूर होते. नवा दावा करू म्हटले तर तोवर कायद्याची मुदत संपलेली असू शकते. दावा कनिष्ठ स्तर न्यायालयात चालायचा की वरिष्ठ स्तर, हेही या मूल्यावरच ठरते.

ज्यांना फी झेपत नाही त्यांनीही निराश होऊ नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले लोक यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळू शकतो. कोर्ट फीचा खर्चही त्यात येतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. माहेरच्या जमिनीत हिस्सा मागणाऱ्या बहिणींनी हे विशेष लक्षात ठेवावे. पुण्यात शिवाजीनगर येथील जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. शिवाय चालू दावा लोकअदालतीत मिटला, तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. भावाभावांच्या वादात याहून चांगला रस्ता नाही.

वकिलांकडे जाताना चालू सातबारा, आठ-अ चा उतारा, फेरफार, वंशावळ आणि खरेदीखत किंवा साठेखत असल्यास त्याची नक्कल बरोबर न्यावी. घर असेल तर मिळकत पत्रिका किंवा घरपट्टीचा उतारा न्यावा. वादपत्रावर सही करण्यापूर्वी त्यातील मूल्यांकनाचा परिच्छेद वाचून घ्यावा आणि "हा आकडा कसा आला?" असे विचारावे. फी भरल्याची पावती जपून ठेवावी.

बांधावरचा वाद बांधावरच मिटला तर उत्तम. पण नाइलाजाने कोर्टाची पायरी चढायची वेळ आली, तर ऐकीव आकड्याला भिऊन हक्क सोडू नका. आधी सातबारा काढा आणि त्यावरचा आकार पाहा.