खूण आणि खुणेचा वाचक



शाळेंत असतांना मी मुलांना असें शिकवीत असें कीं, जें बीजांत आहे तेंच देहांत उमटतें. निवृत्त झाल्यावर थोडें नवें वाचन केलें, आणि तें विधान अपुरें होतें असें ध्यानांत आलें. डोळ्याच्या पेशींत आणि यकृताच्या पेशींत जनुकांचा ग्रंथ जवळजवळ एकच असतो. मग दोघींचीं कामें इतकीं निराळीं कां? कारण प्रत्येक पेशी त्या ग्रंथाचीं कांहीं पानें वाचते व बाकीचीं मिटून ठेवते. तीं पानें कशीं मिटतात, हें आज सांगावयाचें आहे.

मानवी पेशींतील डीएनएचा धागा उलगडला तर सुमारें २ मीटर भरेल. तो हिस्टोन नांवाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एका रिळांत ८ हिस्टोन असतात, आणि त्यांचीं शेपटें बाहेर लोंबत असतात. या शेपटांवर पेशी रासायनिक खुणा करते.

१९३० सालीं हर्मन म्युलर यांनीं क्ष-किरण दिलेल्या फळमाश्यांचे कांहीं डोळे लाल-पांढरे, कबरे झालेले पाहिले. लाली देणारें जनुक नष्ट झालें नव्हतें. तें जागा बदलून गुणसूत्राच्या घट्ट गुंडाळलेल्या भागाशेजारीं आलें होतें, आणि कांहीं पेशींत मुकें झालें होतें.

हें मौन कोण लादतें? १९८६ सालीं सेरा एल्जिन यांच्या प्रयोगशाळेनें त्या घट्ट भागांत राहणारें एचपी-१ हें प्रथिन शोधलें. २००० सालीं थॉमस येनुवाईन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, एक विकर एच-३ या हिस्टोनाच्या शेपटांतील नवव्या स्थानच्या लायसीनवर मेथिलची खूण करतें. ती खूण एचपी-१ ओळखतें, हें पुढच्याच वर्षीं सिद्ध झालें. या प्रथिनांत तीन वलयधारी अमिनो आम्लांचें एक कोंदण असतें. अंगठींत खडा बसावा तसें मेथिलयुक्त लायसीन त्यांत बसतें. मेथिल नसेल तर पकड बसत नाहीं.

एकदां पकड बसली कीं एचपी-१चे दोन रेणू एकमेकांशीं जोडले जाऊन रिळें जवळ ओढतात. शिवाय खूण करणाऱ्या विकरालाही तेथें बोलावितात. मग शेजारच्या रिळावरही तीच खूण उमटते. म्युलर यांच्या माशींतील जनुक असेंच शेजारामुळें मिटलें गेलें. पेशी दुभंगतांना जुने हिस्टोन दोन्ही कन्यापेशींत वांटले जातात, म्हणून ही आठवण पुढें चालते.

परंतु खूण एकटी पुरेशी नाहीं. पेशी-विभाजनाच्या वेळीं शेजारच्या दहाव्या स्थानीं फॉस्फेट जोडलें जातें. तेव्हां नववी खूण कायम असूनही एचपी-१ निघून जातें, हें २००५ सालीं उघड झालें.

हें मौन देहाला अत्यावश्यक आहे. खूण करणारीं हीं विकरें नसलेल्या उंदरांत गुणसूत्रांची व्यवस्था ढासळते आणि अर्बुदांचा धोका वाढतो, असें २००१ सालीं दिसून आलें.

माझे जुने विद्यार्थी ऐकत असतील, तर त्यांना माझी विनंती आहे: वहींतील तें वाक्य खोडूं नका. त्याच्यापुढें एवढेंच लिहा कीं, बीजांत पुष्कळ असतें. त्यांतलें काय उमटावें आणि काय मिटून राहावें, हें खुणा व त्यांचे वाचक मिळून ठरवितात.