केरसुणी आणि हिशेबपट्टी

चार वर्षं फीच्या पावत्या जपून ठेवणारे आई-वडील आणि या काळ्या झग्यात दोन तासांपासून घामाघूम झालेल्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

झगा मलाही घालायला लावला आहे, त्यामुळे लांबण लावणार नाही.

निमंत्रणाच्या पत्रात विषय दिला होता, ‘उद्याचं इंधन : हायड्रोजन की बॅटरी?’ जत्रेच्या फडात कुस्ती लावावी तसा. आधीच सांगून ठेवतो, या कुस्तीत एका पैलवानावर पैज लावून हरलेला मी माणूस आहे.

2006 मध्ये केंद्र सरकारचा राष्ट्रीय हायड्रोजन ऊर्जा आराखडा आला. 2020 पर्यंत देशात हायड्रोजनवर चालणारी दहा लाख वाहनं, असं उद्दिष्ट त्यात होतं. मी तेव्हा फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या घटावर, काम करत होतो. वरिष्ठांना मी बावीस पानांचं टिपण लिहून दिलं आणि त्यात ठासून म्हटलं की, दहा लाख हा आकडा कमीच धरला आहे. 2020 उजाडलं. आमच्या घरासमोरच्या रस्त्याने हायड्रोजनची गाडी औषधालाही गेली नाही. पुढच्या दोन वर्षांत आमचा दूधवाला मात्र बॅटरीच्या स्कूटरवरून यायला लागला. ती इतकी गुपचूप येते की पिशवी दारात पडल्याचा आवाज झाला की कळतं, दूध आलं.

मी चुकलो कुठे? रसायनशास्त्रात नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आले की वीज आणि पाणी मिळतं, हे विल्यम ग्रोव्हने 1839 मध्येच दाखवलं होतं. आमच्या बाकावरच्या सेलमधून पाण्याचा पहिला थेंब बाहेर आला तेव्हा मी तो बोटावर घेऊन चाटला होता. चवच नव्हती त्याला. ज्या माणसाने धुराऐवजी पाणी ओकणारं यंत्र स्वतःच्या हाताने जोडलंय, त्याला वाहनांच्या संख्येबद्दल कुणी काही विचारू नये. तो प्रेमात असतो.

चुकलो ते हिशेबात. आणि हिशेब तर आमच्या घरात लहानपणापासून होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, लासलगावच्या बाजारात कांदा घेऊन जायचे. रात्री परतले की आई आधी तांब्याभर पाणी द्यायची आणि मग खिशातली हिशेबपट्टी मागायची. कार्बनची जांभळी, पुसट अक्षरं. वर मालाची एकूण रक्कम, खाली आडत, हमाली, तोलाई, वाराई. आई वरचा आकडा बघायचीच नाही. बोट सरळ तळाशी न्यायची आणि विचारायची, “हातात काय पडलं?”

ऊर्जेचीही अशीच पट्टी असते. सौर पॅनेलवरून 100 युनिट वीज निघाली असं धरा. ती बॅटरीच्या गाडीत घातली, तर तारा, चार्जर, बॅटरी आणि मोटर मिळून पंचवीसेक युनिट खातात, 75 च्या आसपास चाकाला मिळतात. तीच वीज हायड्रोजनच्या वाटेने पाठवा. पाणी फोडतानाच तीसेक युनिट गेले. मग तो वायू गाडीच्या टाकीत 700 बारपर्यंत दाबायचा, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या तीनशे पट. त्यात आणि वाहतुकीत आणखी दहाएक. उरलेल्या साठातले निम्मे फ्युएल सेलमध्ये उष्णता होऊन जातात. मोटरीचा वाटा वजा करून हातात पडतात पंचवीस ते तीस. तेवढ्याच किलोमीटरसाठी अडीच-तीन पट पॅनेल, अडीच-तीन पट जमीन. दलाल जास्त, दुसरं काय. माझ्या बावीस पानांत ‘कार्यक्षमता’ हा शब्द सतरा वेळा आला आहे, पण तळाचा आकडा कुठेच नाही. आईने ते टिपण एका मिनिटात परत केलं असतं.

जगानेही हा हिशेब हळूहळू केला. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्याने 2018 मध्ये हायड्रोजनवरची प्रवासी रेल्वेगाडी सुरू केली, जगातली पहिली. मोठं कौतुक झालं. पुढच्या गाड्या घ्यायची वेळ आली तेव्हा त्याच राज्याने बॅटरीच्या गाड्या निवडल्या. कॅलिफोर्नियात शेल कंपनीने कारसाठीचे हायड्रोजन पंप 2024 मध्ये बंद केले. उलट बॅटरीची किंमत 2010 मध्ये एका किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होती, ती 2024 मध्ये 115 डॉलरच्या आसपास आली. आपल्याकडे एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर धावली होती. 2022 मध्ये त्याच तारखेला, त्याच मार्गावर एसटीने ‘शिवाई’ सोडली, ती विजेची.

आता तुम्ही म्हणाल, मग हायड्रोजन निकालात निघाला. थांबा. इथे मला केरसुणीची गोष्ट सांगायची आहे.

आमच्या प्रयोगशाळेत एक जुने तंत्रज्ञ होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. एका दुपारी सिलिंडरच्या जोडणीतून बारीक सुस्कारा आला. मी पुढे निघालो, तर मामांनी दंडाला धरून मागे ओढलं. कोपऱ्यातली शिंदीची केरसुणी घेतली आणि लांब हाताने ती हवेत सरकवत एकेक पाऊल पुढे गेले. जोडणीपासून वीतभर अंतरावर, जिथे मला काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं, तिथे केरसुणीचं टोक भुरकन पेटलं. हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. मामांनी झडप बंद केली, केरसुणी बादलीत बुडवली आणि म्हणाले, “साहेब, याला डोळ्यांनी बघायचं नसतं.” आता त्यासाठी संवेदक आहेत, केरसुणी लागत नाही. तरी ते संवेदक वेळच्या वेळी तपासणारा मामा लागतोच.

असा मामा कारखान्यात पगारावर ठेवता येतो. कोपऱ्यावरच्या पंपावर, मागे रिक्षा हॉर्न वाजवत असताना, कुठून आणणार?

आणि कारखान्यात तर हायड्रोजन कधीचाच आहे. अलिबागजवळ थळला युरिया बनतो. युरियासाठी अमोनिया लागतो, अमोनियासाठी हायड्रोजन, आणि तो आज नैसर्गिक वायूतून काढतात. त्यात हायड्रोजनच्या किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तुमच्यापैकी निम्म्यांच्या मळ्यात ज्या गोणी येतात, त्यांच्यात हा धूर आधीच शिवलेला असतो. तिथे कितीही बॅटऱ्या नेऊन ठेवा, अमोनिया होणार नाही. पोलादाचं तसंच. लोहखनिजातला ऑक्सिजन ओढून काढायला आपण कोळसा वापरतो. त्याऐवजी हायड्रोजन वापरला की धुराड्यातून वाफ निघते. स्वीडनमध्ये लुलेओ इथे असं लोखंड करून 2021 मध्ये त्याचं पोलाद गिऱ्हाइकाला दिलंही. आपल्या पेण तालुक्यात डोलवीला नैसर्गिक वायूवर स्पंज आयर्न बनतं. या पद्धतीच्या भट्टीत थोडा थोडा हायड्रोजन मिसळत जाणं हे तुमच्या पिढीचं काम आहे आणि कारची जाहिरात करण्यापेक्षा ते कितीतरी अवघड आहे.

2023 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानासाठी 19,744 कोटी रुपये ठेवले आहेत. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हे उद्दिष्ट. वहीच्या मागच्या पानावर करता येईल असं गणित घ्या. एक किलो हायड्रोजनला सुमारे 55 युनिट वीज लागते. म्हणजे 50 लाख टनांना 27,500 कोटी युनिट, देशाच्या आजच्या एकूण वीजनिर्मितीचा जवळपास सातवा हिस्सा. आणि ती वीज नवी, सूर्याची किंवा वाऱ्याची हवी. कोळशाचा मोठा वाटा असलेल्या आजच्या ग्रिडमधून घेतली, तर एका किलो हायड्रोजनमागे चाळीसेक किलो कार्बन डायऑक्साइड सुटेल, वायूतून काढतात त्याच्या चौपट. नाव हरित आणि काम चंद्रपूरच्या कोळशाचं. एवढ्या महागाच्या मालाने आपण कार पळवायची की युरिया शिजवायचा?

बॅटरीची आरती मी ओवाळत नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट काँगोतून येतो आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलं राबतात. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्ट लागत नाही हे खरं, पण लिथियम लागतंच. नागपूरच्या मे महिन्यात तिला थंड ठेवणं हे वेगळंच प्रकरण आहे.

शिवाय या दोघांच्या कुस्तीत तिसरा गडी आपण विसरतो. 3 फेब्रुवारी 1925 ला मुंबईच्या व्हीटीवरून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची गाडी गेली. तिला ना बॅटरी, ना टाकी. डोक्यावर तार. जिथे तार ओढता येते तिथे दोन्ही पैलवानांना घरी बसवावं, या मताचा मी आहे.

लांब पल्ल्याच्या चाळीस टनी ट्रकचं काय? त्यावर माझं आणि माझ्या एका मित्राचं दर रविवारी सकाळी चहावर भांडण होतं. तो म्हणतो हायड्रोजन, कारण बॅटरीचं वजन मालाची जागा खातं. मी म्हणतो बॅटरी, कारण चालक जेवायला थांबतोच, तेवढ्यात चार्ज करा. टाटा मोटर्सने 2025 मध्ये हायड्रोजनच्या ट्रकच्या चाचण्या सुरू केल्या, त्या दिवशी त्याने मला सकाळी सहाला फोन केला होता. चाचण्यांची पट्टी यायची आहे. तळाचा आकडा त्याच्या बाजूने निघाला तर चहा माझ्याकडे.

प्राचार्यांनी मघाशी दोनदा घड्याळ पाहिलं. पदव्या वाटायच्या आहेत आणि बाहेर मांडवात जिलबी गार होते आहे. माझ्या त्या बावीस पानी टिपणाची एक प्रत मी आज तुमच्या ग्रंथालयाला देऊन जातो आहे. समासात जिथे जिथे चुकलो तिथे लाल शाईने लिहिलं आहे. समास रुंद ठेवलाय, पेन सोबत बांधलं आहे.