परवाना फाइलीत, बंदूक खुंटीवर



शिरपुरात शस्त्रांचा विषय निघाला की प्रत्येक जण उमर्टीकडे बोट दाखवतो. नदीच्या अलीकडे चोपडा तालुक्यातलं उमर्टी, पलीकडे बडवानी जिल्ह्यातलं. तिथले गावठी कट्टे, आग्रा महामार्गावरची नाकाबंदी, मग रिमांड आणि जामीन. आपल्यापैकी अनेकांची वकिली त्यावर चालते, तेव्हा मी अधिक बोलत नाही! त्या धंद्यासाठी कायदा पुरेसा कडक आहे. शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा शस्त्र बनवणाऱ्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप.

मला बोलायचंय ते कायदेशीर बंदुकीबद्दल. सधन शेतकऱ्याची दुनळी, व्यापाऱ्याचं रिव्हॉल्व्हर, रानडुकरांसाठी घेतलेली ठासणीची बंदूक. परवाना देताना आपण अर्जदाराची कुंडली मांडतो: पोलीस अहवाल, चारित्र्य, जिवाला धोका खरा की हौस. मग जिल्हाधिकाऱ्यांची सही होते आणि बंदूक घरी जाते. त्या रात्री ती कुठे ठेवली, हे पाहायला कोणी जात नाही.

1 ऑक्टोबर 2024 ची पहाट आठवा. जुहूच्या घरात अभिनेते गोविंदा आपलं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत होते. ते हातातून निसटलं आणि गोळी पायात घुसली. चार दिवस वर्तमानपत्रांनी चघळलं, समाजमाध्यमांवर विनोद झाले. मला मात्र त्यात आपल्या व्यवस्थेचं व्यंग दिसलं. भरलेलं शस्त्र कपड्यांच्या कपाटात ठेवणं आपल्याकडे कोणाला वावगं वाटतच नाही.

त्याच वर्षी 8 फेब्रुवारीला दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पिस्तूल परवान्याचंच होतं, पण परवाना हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या नावावर. ज्याच्या नावाची सरकारनं चौकशी केली तो एक, आणि ज्याच्या हाती शस्त्र लागलं तो दुसराच. म्हणजे नुसतं कुलूप पुरत नाही, किल्ली कोणाकडे आहे हेही कायद्यानं विचारायला हवं.

कायद्यात काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणलं, साठवणुकीची लेखी हमीही मागितली. ती हमी अर्जाला टाचली जाते आणि तिथेच तिचं आयुष्य संपतं. परवान्याची अट मोडली तर अधिनियमाचं कलम 30: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्नाच्या वरातीत हवेत बेदरकार गोळीबार करणाऱ्याला मात्र दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. वरातीतला बार सगळ्या गावाला ऐकू जातो, म्हणून संसदेलाही ऐकू गेला असावा.

मग शिक्षा वाढवा, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. खुंटीवरच्या बंदुकीनं घरातलं पोर गेलं, तर त्या बापावर खटला भरून सरकारी वकील काय मिळवणार? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात नोव्हेंबर 2021 मध्ये ऑक्सफर्डच्या शाळेत पंधरा वर्षांच्या मुलानं चार विद्यार्थी मारले. पिस्तूल बापानं नुकतंच आणलेलं होतं. 2024 मध्ये आईबाप दोघेही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरले. त्या निकालाची फार चर्चा झाली. त्या राज्यानं केलेली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: अल्पवयीन मुलांच्या घरात बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती करताना बंदुकीच्या तिजोऱ्यांवरचा विक्रीकर काही काळ माफ केला. म्हणजे सक्तीही केली आणि तिचा भारही थोडा उचलला.

आपल्याकडे हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी निवडणुकीची आठवण करून देतो. आचारसंहिता लागली की छाननी समिती ज्यांची नावं काढते, ते परवानाधारक मुकाट्यानं ठाण्यात बंदूक जमा करतात, पावती घेतात, निकालानंतर परत नेतात. मग यात्रेला, परगावी लग्नाला किंवा मुलाकडे पुण्याला महिनाभर जाणाऱ्याला ही सोय सहज का मिळू नये? सोनं असलं तर आपण बँकेत लॉकर घेतो. बंदूक मात्र गहू ठेवायच्या खोलीत.

शस्त्रं हा संघसूचीतला विषय, पाचवी नोंद. विधानसभा यावर स्वतंत्र कायदा करू शकत नाही, तेव्हा मुंबईला मोर्चे नेण्यात अर्थ नाही. मागणी दिल्लीकडेच करावी लागेल. पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, तेव्हा भिंतीत वा जमिनीत पक्की बसवलेली पेटी दाखवावी आणि ती असेल तर शुल्कात सूट मिळावी. काडतुसं वेगळ्या कुलपात असावीत. ठाण्यात ऐच्छिक जमा करण्याची सोय बारमाही सहज मिळावी. ज्याच्याकडे पिकाच्या राखणीची एकच ठासणीची बंदूक आहे, त्याला पेटी अनुदानातून मिळावी. पावरा आदिवासीच्या झोपडीत लोखंडी तिजोरी कुठून येणार? अनुदान तर राज्यही देऊ शकतं, त्यासाठी संसदेची वाट पाहायला नको.

या आशयाचा मसुदा तुमच्या फाइलींत ठेवला आहे. जेवणानंतरच्या सत्रात तो ठराव म्हणून येईल. अनुदानाच्या कलमाला काही मंडळींचा विरोध आहे, मला ठाऊक आहे. त्यांनी आपली दुरुस्ती लेखी द्यावी. पहिला अर्धा तास मी त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे.