दाढेचे बिल परत का येते?

(शाखेच्या सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पगार, बदल्या, ड्यूटीचे तास यांवर आपण नेहमीच बोलतो. आज दाढेवर बोलणार आहोत. हसू नका, ज्याची ठणकते त्यालाच कळते.

आमच्या एका पोस्टमन साथीची खालची डावी दाढ किडली. खासगी दंतवैद्याने दाताच्या रंगाचे इन्ले बसवले. बिलावर एकच ओळ होती, 'दातावरील उपचार', आणि खाली रक्कम. कार्यालयाने 'सौंदर्यासाठी केलेला उपचार, नामंजूर' असा शेरा मारून कागद परत पाठवला. उसने काढलेले पैसे अडकले. आम्ही कागद पाहिले, तेव्हा शेरा चुकीचा वाटलाच. पण तो खोडून काढायला कागदावर काहीच नव्हते.

आधी इन्ले म्हणजे काय ते समजून घेऊ. साध्या फिलिंगमध्ये मसाला थेट दाढेत भरतात. इन्लेसाठी कीड काढून खड्ड्याला आकार देतात, माप घेतात, त्या मापाचा काँपोझिट किंवा सिरॅमिकचा तुकडा बाहेर तयार करतात आणि बहुधा दुसऱ्या भेटीत चिकटवतात. तुकडा दाढेच्या उंचवट्यांच्या आत बसला तर इन्ले, उंचवटाही झाकला तर ऑनले, सगळी दाढ झाकली तर कॅप. कामे वेगळी, म्हणून बिलावर नावेही वेगळीच हवीत.

अमेरिकेत दंतवैद्यांच्या संघटनेने यासाठी क्रमांक ठरवले आहेत. सिरॅमिक इन्ले दाढेच्या एका बाजूचे असेल तर डी २६१०, दोन बाजूंचे डी २६२०, तीन किंवा अधिक बाजूंचे डी २६३०. काँपोझिटचे डी २६५० ते डी २६५२. तरीही तिथल्या अनेक विमा योजना 'स्वस्त फिलिंग चालले असते' म्हणत तेवढेच पैसे देतात. झगडा तिथेही आहे, पण कागद बोलका असला की भांडता येते.

आपल्याकडे पोस्टात, जिथे सीजीएचएस लागू नाही तिथे, १९४४ चे वैद्यकीय परिचर्या नियम लागतात. दात काढणे, साफ करणे, हिरड्यांचा उपचार, दात भरणे व रूट कॅनाल यांचा त्यात समावेश आहे. रेल्वेवाल्यांनी आधी रेल्वे इस्पितळ गाठावे. तिथून रेफर झाल्याशिवाय, तातडीचा प्रसंग सोडला तर, खासगी खर्च मिळणे कठीण. म्हणून आमचे सांगणे असे :

१. इन्ले करण्यापूर्वी अधिकृत वैद्यकीय अधिकाऱ्याचा सल्ला आणि खर्च मिळेल की नाही याचे उत्तर लेखी घ्या.

२. साधे फिलिंग का पुरणार नाही, याचे कारण दंतवैद्याने केसपेपरवर लिहावे. खड्डा किती मोठा, दाढेची भिंत किती उरली, हे त्यात यावे. 'चांगले दिसते' हे कारण टिकत नाही.

३. बिलात दाताचा क्रमांक (खालची डावी पहिली मोठी दाढ म्हणजे ३६), किती बाजू, कोणता पदार्थ, माप घेतल्याची आणि तुकडा बसवल्याची अशा दोन्ही तारखा हव्यात.

४. उपचारापूर्वीचा व नंतरचा एक्स-रे, पैशांची पावती, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक व आवश्यकता प्रमाणपत्र जोडा. सगळ्याच्या झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा.

आणखी एक. 'रूट कॅनाल लिहून द्या, म्हणजे पास होईल' असे डॉक्टरांना कधीही सांगू नका. एक्स-रे खोटे बोलत नाही. बिलाचे पैसे बुडाले तर संघटना भांडेल. खोट्या बिलावरून चार्जशीट आली, तर आमचेही हात बांधले जातात.

प्रशासनाकडे आमची मागणी साधी आहे. बिल नाकारायचे तर कोणत्या नियमाने नाकारले ते लेखी कळवा. नुसता शेरा आम्हांला मान्य नाही. आपण कागद चोख ठेवू, मग जाब विचारताना आवाज आपोआप चढा राहील.

कामगार एकजुटीचा विजय असो!